दहावीनंतरचे पाच महिने

२०२५ साली दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्च रोजी झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे पंतनगरातून फिरायला निघालो, तेव्हा आदल्या दिवशी परीक्षेच्या केंद्रातून मोकळा श्वास घेत बाहेर पडलेली तीच मुले पाठीवर दप्तर अडकवून स्थानकाच्या दिशेने चाललेली दिसली. चौकशी केली, तर उत्तर मिळाले, ‘व्हेकेशन बॅच’. अकरावीचा अभ्यासक्रम अकरावीत प्रवेश मिळण्यापूर्वीच सुरू झाला होता. घाटकोपरच्या पूर्वेस काय किंवा पश्चिमेस काय, स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दर चार-पाच इमारतींमागे एका शिकवणी वर्गाचा फलक आहे. त्यावर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि छायाचित्राखाली नावापेक्षा मोठ्या अक्षरांत गुणानुक्रमांक. त्या फलकांवरून नजर फिरविताना मला दरवेळी वाटते, की या मुलांना नेमके काय आवडते, याची नोंद कुठेच नाही.

त्या वर्षीची दिनदर्शिकाच पाहा. १७ मार्चला परीक्षा संपली. १३ मे रोजी निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. त्यानंतर प्रथमच संपूर्ण राज्यासाठी एकत्रित ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राबविण्यात आली आणि ती फेऱ्याफेऱ्यांनी पुढे सरकत अकरावीचे वर्ग भरू लागेपर्यंत ऑगस्ट उजाडला. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या आयुष्यात परीक्षा नाही, शाळा नाही, गृहपाठ नाही, असे जवळजवळ पाच महिने आले. एवढा सलग रिकामा काळ त्यांना पुन्हा मिळणे कठीण आहे. हे पाच महिने आपण कशासाठी वापरतो, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या पिढीला हा प्रश्न अशा रूपात पडलाच नव्हता. आम्ही जुनी अकरावी मॅट्रिक झालो आणि थेट महाविद्यालयात गेलो. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, त्यामुळे शाखा निवडण्याचे वय एक वर्षाने अलीकडे आले. कागदोपत्री अकरावी-बारावी हे उच्च माध्यमिक शिक्षण, म्हणजे शाळेचाच भाग. पण मुंबईकर त्याला ‘कॉलेज’ म्हणतो आणि त्या शब्दाबरोबर येणारे सारे गांभीर्य व सारा थाट पंधराव्या वर्षीच मुलांच्या अंगावर चढतो. कला, वाणिज्य की विज्ञान, हा निर्णय तेव्हाच होतो. तो कसा होतो, हे उघड गुपित आहे. नव्वद टक्क्यांच्या वर विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि त्याहूनही खाली कला. विषयांची ही चातुर्वर्ण्यव्यवस्था कोणत्या स्मृतीत सांगितली आहे कोण जाणे! संस्कृतात शंभरपैकी शंभर मिळविणारी मुलगी कला शाखेत जाते म्हणाली, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते.

शासनाला हे दिसत नव्हते, असे नाही. २०१६ साली राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू झाली आणि काही वर्षे चालून थांबली. कल्पना चुकीची नव्हती. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तेव्हापासून त्या संस्थेने मानसशास्त्राच्या आधारे मुलांच्या बुद्धीचे विविध पैलू मोजण्याचे काम गांभीर्याने केले आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेचा ‘वेध’ हा उपक्रम नव्वदच्या दशकापासून मुलांना नानाविध क्षेत्रांतील माणसे प्रत्यक्ष भेटवीत आला आहे. परंतु चाचणीची मर्यादा ओळखायला हवी. ज्या मुलाने आयुष्यात कधी शिलालेख पाहिला नाही, त्याला ‘तुला प्राचीन लिप्यांमध्ये रस आहे का?’ असे विचारून काय उत्तर मिळणार? फणस न खाल्लेल्याला फणस आवडतो का, असे विचारण्यासारखेच ते आहे. म्हणून चाचणी हवी असेल तर जरूर द्यावी. पण त्याआधी काही विषयांची चव घ्यायला हवी, आणि ती पाठ्यपुस्तकाबाहेर घ्यायला हवी.

हे शहाणपण मला उशिरा सुचले, हे येथे कबूल केले पाहिजे.

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत भूगोल शिकविला. माझा थोरला मुलगा १९९८ साली दहावी झाला. चौऱ्याऐंशी टक्के गुण होते. लहानपणापासून त्याला नकाशांचे वेड. बेस्टच्या मार्गांचे नकाशे तो वहीच्या मागच्या पानांवर काढी, गावी गेला की पाणंदी आणि ओढे मोजीत हिंडे. मी स्वतः भूगोलाचा शिक्षक. तरी हे सारे मला ‘छंद’ वाटले. इमारतीतली त्याच्या वयाची सगळी मुले विज्ञानाला गेली, म्हणून तोही गेला, आणि पुढे अभियांत्रिकीला. तिसऱ्या सत्रातल्या गणिताला त्याला केटी लागली, मग आणखी दोन विषयांना. पदवी मिळायला चार वर्षांऐवजी साडेपाच वर्षे लागली. त्या काळात घरात आम्ही एकमेकांशी फक्त जेवणापुरते बोलत होतो. आज तो बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे, संसारात सुखी आहे. तक्रार करण्याजोगे काही नाही. काही वर्षांपूर्वी बोलता बोलता तो सहज म्हणाला, “बाबा, तुम्ही वर्गात चाळीस मुलांना नकाशा वाचायला शिकवलात. मला मात्र कुणी विचारलंच नाही.” त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

असो. वैयक्तिक दुःखावरून सार्वत्रिक सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. म्हणून आकड्यांकडे वळू. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतील शासकीय शुल्काच्या जागा त्याहून बऱ्याच कमी. त्याच वर्षी जेईई मुख्य परीक्षेला चौदा लाखांच्या घरात विद्यार्थी बसले. सर्व आयआयटींमधील जागा मिळून १७,७४०. ही स्पर्धा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ज्याला खरोखर डॉक्टर किंवा अभियंता व्हायचे आहे, त्याने कंबर कसून ती द्यावी. प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि उरलेले हेच बहुसंख्य आहेत. त्यांची दोन वर्षे, आईवडिलांचे लाखांच्या घरातले शुल्क आणि त्या वयातले कुतूहल, तिन्ही एकाच हंड्यात ओतली जातात, आणि हंड्याखाली चूल पेटली आहे की नाही, हे पाहण्याची तसदी कुणी घेत नाही.

त्यात ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार आला. महाविद्यालयात नाव नोंदवायचे, पण बसायचे शिकवणी वर्गात. प्रयोगशाळेचे तोंड परीक्षेपुरते पाहायचे. याला आळा घालण्यासाठी २०१८ साली राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, की सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये. सूचना उत्तम आहेत. पण आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन’चे फलक अजूनही उतरलेले मला दिसले नाहीत. कायद्याने बाप सुधारत नाही, हेच खरे.

आमच्या घाटकोपरच्या दक्षिणेला, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही शाखा १९७४ पासून विज्ञानशिक्षणाचे काम करते आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारतीय संघांची तयारी तेथेच होते. ज्यांचे नाव या केंद्राला दिले आहे, त्यांची स्वतःची कथा पालकांनी मुद्दाम वाचावी. होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला; वडिलांची आणि टाटा घराण्यातील आप्तांची इच्छा, की मुलाने परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे. तेथे त्यांना भौतिकशास्त्राने खेचून घेतले. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळविले. वडिलांनी संताप केला नाही आणि लगेच मान तुकवून होकारही दिला नाही. आधी अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग गणिताच्या अभ्यासासाठी तेथेच राहा, अशी अट घातली. १९३० साली मुलाने ती पुरी केली आणि वडिलांनी शब्द पाळला. या प्रसंगात मला मुलापेक्षा वडिलांचे अधिक कौतुक वाटते. अट घालणारा आणि नंतर ती पाळणारा बाप दुर्मीळ असतो.

दुसरे उदाहरण याच मुंबईतले. दहा-अकरा वर्षांच्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, या प्रश्नाचे उत्तर घरात कुणापाशी नव्हते, म्हणून मामांनी त्यांना १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिले नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखविले. गंमत अशी, की पुढे महाविद्यालयात गणिताने छळल्यामुळे सलीम अली ते सोडून ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले, परत आल्यावर हिशेबतपासणीचे आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण घेऊ लागले, आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे पाठ गिरवू लागले. वाट सरळ नव्हती. पण बालपणी उघडलेला तो कप्पा शेवटपर्यंत बंद झाला नाही.

आणि घाटकोपरकरांना तर तिसरे उदाहरण शोधायला मुंबई ओलांडण्याचेही कारण नाही. चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ लिहिली. त्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची. विचारांनी ते आमच्या गोटातले नव्हते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण शिक्षणाची कोणतीही सोय नसताना माणूस आपली भाषा, आपला विषय आणि आपले काम कसे हुडकून काढतो, याचा धडा त्यांच्याइतका जवळचा दुसरा नाही. सर्व सोयी असलेल्या आमच्या मुलांना मात्र आपण हुडकण्याची संधीच देत नाही.

आता मार्च २०२५ मधल्या त्या सकाळकडे परत येतो. दप्तर घेऊन चाललेल्या मुलांत आमच्या समोरच्या इमारतीतला एक मुलगाही होता. त्याची आई माझी विद्यार्थिनी. आजही मला ‘सर’ म्हणते. तिच्याकडे मी विषय काढला. ती म्हणाली, “सर, सगळे जातात हो. हा एकटाच घरी बसला तर पाच महिने वाया जातील.” मी म्हणालो, घरी बसवायचे नाहीच. मला फक्त दोन महिने दे, मे अखेरपर्यंत. त्यानंतर तुला योग्य वाटेल ते कर. मुलाच्या वडिलांनी बराच विचार करून होकार दिला, तो माझ्या युक्तिवादामुळे की शुल्काचा पहिला हप्ता लांबणीवर पडतो म्हणून, हे मला ठाऊक नाही.

मी त्या मुलाला व्याख्यान दिले नाही. एक वही दिली आणि ऐरोलीला घेऊन गेलो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारो रोहित येथे चिखलावर चरताना दिसतात. माझी अपेक्षा होती, की मुलगा पक्ष्यांवर लुब्ध होईल. तो झाला नाही. अर्ध्या तासाने त्याला कंटाळा आला. मात्र परतताना त्याने विचारले, “आजोबा, मगाशी सगळा चिखल होता, आता पाणी कुठून आलं? आणि काल पेपरात वेळ वेगळी होती.”

येथून पुढचे सहा आठवडे त्याने भरती-ओहोटीत घालविले. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आधी पाऊण तास. आमच्या कोळी-खलाशांनी घड्याळ नसताना वापरलेले हे गणित. चंद्र दररोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. तासाचा पाऊण हिस्सा म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, तेव्हा आडाखा जवळपास बरोबर आहे आणि थोडासा चूकही आहे. त्या मुलाने पंचांग आणि छापील भरतीपत्रक शेजारी ठेवून रोजचा फरक वहीत मांडला. फरक सारखा नव्हता. उधाणाच्या दिवशी एक, भांगाच्या दिवशी दुसरा. खाडीच्या आत पाणी थोडे उशिराच पोहोचते, हेही त्याच्या लक्षात आले. का, म्हणून तो विचारीत राहिला. एका टप्प्यावर माझा भूगोल संपला आणि त्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाकडे जावे लागले. हे पुस्तक त्याने आपण होऊन उघडले, यावर त्याच्या आईचा विश्वास बसेना.

या दोन महिन्यांत तो एकट्या खाडीवरच गेला असे नाही. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत गेला, १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगणाऱ्या संस्थेची पत्रिका चाळून आला. शीवच्या खगोल मंडळाबरोबर वांगणीला एक रात्र आकाशाखाली जागला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपला. कान्हेरीला नेले, तेव्हा शंभराहून अधिक लेणी असलेल्या त्या डोंगरात ब्राह्मी अक्षरे दाखवून मी मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहिले. त्याला त्यात काडीचाही रस वाटला नाही. त्याच्याबरोबर आलेली त्याची मामेबहीण मात्र, जी नववीत होती, तासभर एका दानलेखासमोरून हलेना. परत आल्यावर तिने ब्राह्मीची वर्णमाला मागवून घेतली. ज्याच्यासाठी योजावे त्याला काही भावत नाही आणि सहज सोबत आलेल्याला ते गवसते. शोध म्हणतात तो असाच चालतो; त्याचे वेळापत्रक करता येत नाही. एखाद्या विषयात आपल्याला रस नाही, हे वेळीच कळणे हीसुद्धा मोठी कमाई आहे. माझ्या मुलाला ते कळायला साडेपाच वर्षे लागली होती.

येथे आपल्या परिवारातील घरांना थोडे परखड बोलावेसे वाटते. आपण राष्ट्रनिर्माणाच्या गोष्टी करतो. आपला इतिहास इतरांनी आपल्या सोयीने लिहिला, ही आपली जुनी तक्रार आहे, आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. पण ज्या घराच्या बैठकीत ही तक्रार होते, त्या घरातला कोणता मुलगा फारसी शिकायला गेला? कोणत्या मुलीला आपण पाली-प्राकृत घ्यायला प्रोत्साहन दिले? पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसे किती उरली आहेत? सप्टेंबर २०२५ मध्ये गजानन मेहेंदळे गेले. फारसी आणि मोडी साधनांवर हयात घालवून त्यांनी शिवचरित्र उभे केले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सभा ठिकठिकाणी झाल्या. त्या सभांना गेलेल्यांपैकी किती जणांनी घरी येऊन आपल्या नातवाला ‘हे काम तू करशील का?’ असे विचारले, हे मला जाणून घ्यायला आवडेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या दाव्याचा पाया असलेली महाराष्ट्री प्राकृत वाचणारा विद्यार्थी मात्र आपल्या घरातला नको, शेजारच्या घरातला हवा. इतिहास दुसऱ्यांनी लिहू नये असे वाटत असेल, तर तो लिहिण्याच्या कष्टाला आपलीच मुले द्यावी लागतील. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाच्या कौतुकाने ती उणीव भरून निघत नाही.

काहींचा आक्षेप मला ऐकू येतो आहे, की हे सारे चोचले पोट भरलेल्यांचे. भटवाडीतल्या किंवा असल्फ्याच्या टेकडीवरच्या ज्या घरात दहावीनंतर मुलाने चार पैसे आणणे गरजेचे आहे, तिथे भरतीपत्रक आणि ब्राह्मी काय कामाची? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण त्या घरांतही निवड होतेच. उलट तिथे ती चुकली तर दुरुस्तीला पैसा नसतो. आयटीआयमध्ये कोणती शाखा घ्यावी, पदविकेला जावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी त्या मुलाने आठ दिवस एखाद्या वीजतंत्र्याबरोबर, आठ दिवस फिटरबरोबर आणि आठ दिवस एखाद्या मुद्रणालयात काढले, तर त्याचा खर्च बसभाड्याइतका. विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेले कितीतरी निवृत्त कुशल कामगार आज याच वस्त्यांत नातवंडे सांभाळीत बसले आहेत. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे, ते मागायला कुणी जात नाही. आपल्या शाखांनी आणि मंडळांनी सुट्टीतली संस्कार शिबिरे घेतली आहेत, चांगलीच घेतली आहेत. त्यांत या मंडळींना बोलवायला हरकत नसावी.

दुसरा एक व्यावहारिक मुद्दा. शोध घ्यावा म्हणजे सर्व दारे लावून एकाच खोलीत शिरावे, असे नव्हे. पंधराव्या वर्षी गणित सोडण्याची घाई करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. वाणिज्य किंवा कला शाखेतल्या हुशार मुलाला पुढे अर्थशास्त्र भावले आणि बारावीला गणित नसले, तर दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सचे दार बंद; भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी. स्टॅटचेही बंद. विज्ञान शाखेतही भूगोल आणि भूशास्त्र हे विषय मंडळाच्या यादीत आहेत, पण ते शिकविणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी; कारण मागणी नाही, आणि मागणी नाही कारण असे विषय घेता येतात हेच पालकांना ठाऊक नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात २००७ पासून मूलभूत विज्ञानाचे एक उत्कृष्टता केंद्र आहे, अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालते, बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित एम. एस्सी. अभ्यासक्रम देते. घाटकोपरपासून बसने तासाभराच्या आत. आमच्या इमारतीतल्या बारा घरांत विचारले, तर एकालाही त्याचे नाव माहीत नव्हते; कोटा कुठे आहे ते मात्र सर्वांना माहीत होते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांच्या भिंती पातळ करण्याचे ठरविले आहे. भौतिकशास्त्राबरोबर संगीत, वाणिज्याबरोबर संस्कृत, अशी मोकळीक पदवीच्या स्तरावर हळूहळू येऊ लागली आहे. माझा या धोरणाला मनापासून पाठिंबा आहे. पण मोकळीक मिळाल्यावर काय मागावे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासमोर पंचवीस विषयांची यादी ठेवली तर तो मित्राने जे घेतले तेच घेईल. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका परिचिताच्या मुलीने पदवीला एक ऐच्छिक विषय निवडला. का निवडलास, असे विचारले. म्हणाली, “काका, त्या लेक्चरची वेळ सोयीची होती.”

तर आमच्या समोरच्या इमारतीतला तो मुलगा. मे महिन्यात निकाल लागला, ९१ टक्के मिळाले. त्याने विज्ञानच घेतले. त्याच्या आईला वाटले की मग एवढ्या उठाठेवीचा उपयोग काय झाला? तेही विचारणे रास्त आहे. त्याने ‘इंटिग्रेटेड’ नाकारले आणि प्रयोगशाळा रोज उघडते असे महाविद्यालय मागितले, एवढाच फरक. दिवाळीनंतर तो एका लहानशा शिकवणीला जाऊ लागला, कारण गणित त्याला जड जाते आहे, आणि आपल्याला ते का हवे आहे हे आता त्याला कळले आहे. समुद्रविज्ञान नावाचा विषय असतो आणि गोव्याला दोना पावल येथे त्याची राष्ट्रीय संस्था आहे, हे त्यानेच मला सांगितले. जणू मला ते माहीत नव्हते. मी माहीत नसल्यासारखे ऐकले.

वही मात्र त्याने परत केलेली नाही. परवा जिन्यात भेटला, तेव्हा म्हणाला, जूनमधल्या उधाणाच्या नोंदी राहून गेल्या आहेत, त्या यंदा घ्यायच्या आहेत. आई मागून म्हणाली, “सर, आता बारावी होईपर्यंत तरी याला खाडीवर नेऊ नका.” २०२७ साली तो बारावीला बसेल. तोवर न नेण्याचे मी कबूल केले आहे. तो आपण होऊन गेला तर माझा इलाज नाही.